रिंग जाते, पण वाजत नाही

यावेळी घरच्या इंटरनेट फोनवरचे प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या वेळेवर ढकलले. बहुतेकांची मांडणी एकच आहे, राउटरला एक छोटी डबी लावलेली आणि त्या डबीत घरचा जुना साधा किंवा कॉर्डलेस फोन खोचलेला. तिला कोणी अ‍ॅडॉप्टर म्हणतं, कोणी एटीए, काहींच्या राउटरच्या पोटातच ती बसवलेली असते, मी आपली डबीच म्हणणार.

उत्तरांआधी एक गोष्ट. आपण म्हणतो ना, "रिंग जातेय पण उचलत नाहीत", तर ती जाणारी रिंग आणि आपल्या घरात वाजणारी रिंग, दोन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. फोन लावणाऱ्याच्या कानात जे ट्रिंग ट्रिंग येतं ते तुमच्या घंटीचं नसतंच, ते वाटेतलं नेटवर्क त्याला ऐकवत असतं, आणि तुमची डबी प्लगमधून काढून कपाटात ठेवलेली असली तरी ते ऐकवू शकतं. तेव्हा "मी पाच वेळा रिंग दिली" आणि "इथे एकदाही वाजला नाही" यावरून घरात भांडू नका, दोघंही खरं बोलताय. शोधायचं एवढंच असतं की कॉल कुठवर आला आणि कुठे अडला: कंपनीच्या सर्व्हरपाशी, डबीपाशी का फोनपाशी.

प्रश्न: आमच्या इंटरनेट फोनवरून बाहेर कॉल मस्त लागतो, आवाजही छान, पण येणारे कॉल येतील तर शपथ. बहीण म्हणते रिंग जाते आणि मग व्हॉइसमेल लागतो, मी इथे फोनच्या शेजारी बसलेली, हूं नाही की चूं नाही. गंमत म्हणजे मी कुणाला तरी फोन करून ठेवला आणि लगेच तिने केला तर वाजतो! कंपनीवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ओके दिसतंय, डबी बंद करून चालू करा. केली की जरा वेळ चालतं, परत तेच.

उत्तर: तुम्ही जे गंमत म्हणून लिहिलंय ना, तीच खरी खूण आहे, आणि ती लिहिलीत म्हणून पाच मिनिटांत निदान झालं, नाहीतर मला चार प्रश्न उलट विचारावे लागले असते.

होतं काय, तुमची डबी ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला कळवते की मी अमुक पत्त्यावर आहे, कॉल आला तर इकडे पाठवा. याला रजिस्टर होणं म्हणतात. पण डबी आणि सर्व्हरच्या मधे तुमचा राउटर आहे, आणि राउटर म्हणजे दारावरचा वॉचमन. आतून कोणी बाहेर गेलं तर तो लक्षात ठेवतो की यांच्याकडे उत्तर घेऊन कोणी येईल, त्याला आत सोडायचं. पण त्याची आठवण तोकडी. काही राउटर ३० सेकंद कुणी ये-जा केली नाही की विसरतात, काही दोन-तीन मिनिटं धरून ठेवतात. खरं तर राउटरने ही आठवण निदान २ मिनिटं ठेवलीच पाहिजे, जमलं तर ५, असं इंटरनेटच्या मानकांमध्ये २००७ सालीच लिहून ठेवलंय, पण मानक एका जागी आणि तुमचा राउटर दुसऱ्या जागी. आता डबी जर तासाला एकदाच रजिस्टर होत असेल, आणि बऱ्याच डब्यांत तो आकडा ३६०० सेकंद असतो, तर मधला सगळा वेळ दार बंद. सर्व्हर मात्र तासभर समजत राहतो की गिऱ्हाईक घरी आहे, म्हणून कंपनीच्या स्क्रीनवर सगळं ओके. ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना एवढंच दिसतं.

खात्री करायची असेल तर अशी करा. घरच्या फोनवरून एक कॉल करून ठेवा आणि घड्याळ बघा. एक मिनिटाने मोबाइलवरून घरी फोन लावा. वाजला तर वाजू दे, ठेवून द्या, पण त्या कॉलने दार परत उघडलंय हे विसरू नका, म्हणजे पुढची मोजणी परत शून्यापासून. मग दोन मिनिटांनी लावा, मग पाच, मग दहा. ज्या टप्प्यावर फोन मुका होतो तेवढी तुमच्या वॉचमनची आठवण.

आता उपाय. डबीच्या सेटिंगमध्ये नॅट कीप-अलाइव्ह नावाचं काहीतरी असेल, ते चालू करा आणि वेळ २० ते ३० सेकंद ठेवा, म्हणजे डबी दर तेवढ्या वेळाने सर्व्हरकडे एक बारीकसा संदेश टाकते आणि दार उघडं राहतं. बहुतेकांचं काम इथेच होतं. रजिस्टर व्हायची वेळ ३६०० वरून ३०० वर आणा असाही सल्ला मिळतो, तो चूक नाही, पण राउटर ३० सेकंदांत विसरत असेल तर ३०० ने काय होणार, उरलेले साडेचार मिनिटं फोन मुकाच. आणि काही कंपन्या फार वेळा रजिस्टर झालेलं चालवून घेत नाहीत, आधी विचारा.

दुसरं, राउटरमध्ये सिप एएलजी अशी एक सोय असते, सिप म्हणजे इंटरनेट फोनची बोलायची भाषा, नावाप्रमाणे ती फोनला मदत करायला ठेवलीय. प्रत्यक्षात ती डबीचे संदेश मधेच उघडून त्यातले पत्ते आपल्या मनाने बदलते आणि बऱ्याचदा घोळ घालते. बंद करा, राउटर एकदा रीस्टार्ट करा, मग डबी. घरात दोन राउटर एकापुढे एक लावले असतील, एक कंपनीचा आणि एक तुम्ही नंतर घेतलेला, तर दोन वॉचमन झाले, त्यातल्या एकाला नुसतं ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो वॉचमनगिरी सोडून आलेलं तसंच पुढे देतो. एवढं करूनही नाही जमलं तर कंपनीला विचारा की यूडीपीऐवजी टीसीपीवर रजिस्टर होता येईल का, या संदेश पाठवायच्या दोन पद्धती, आणि टीसीपीची जोडणी राउटर बराच जास्त वेळ लक्षात ठेवतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलून चालू झालं तर कशाने झालं हे कळत नाही, आणि सहा महिन्यांनी राउटर बदलला की परत पहिल्यापासून. आणि हो, कोणीतरी सांगेल की ५०६० नंबरचं पोर्ट फॉरवर्ड करून टाका, म्हणजे त्या नंबरच्या दारावर बाहेरून जो येईल त्याला थेट डबीकडे सोडा. नका करू, का ते खाली रात्री तीनच्या फोनवाल्या गृहस्थांच्या उत्तरात कळेल.

प्रश्न: रात्री ११ नंतर आमचा इंटरनेट फोन वाजायचा बंद होतो आणि सकाळी ७ ला आपोआप बरा होतो. रात्री इंटरनेटचा स्पीड कमी होतो म्हणून असेल का?

उत्तर: नाही हो. घड्याळाच्या ठोक्याला बिघडणारा आणि ठोक्याला बरा होणारा फोन बिघडलेला नसतो, त्याला कोणीतरी तसं सांगितलेलं असतं. कॉर्डलेस हँडसेटच्या स्क्रीनवर चंद्राचं किंवा काट मारलेल्या घंटीचं चिन्ह दिसतंय का बघा. नाइट मोड आहे तो, काही फोनमध्ये बेसचा वेगळा आणि प्रत्येक हँडसेटचा वेगळा.

हसत नाहीये मी, माझ्या घरी हाच प्रकार वेगळ्या कपड्यात झाला होता. दोन दिवस राउटरच्या मागे लागलो, सगळी सेटिंग उलटी-पालटी केली, कंपनीच्या माणसाशी जरा चढ्या आवाजात बोललो पण, आणि शेवटी हँडसेटची घंटी शून्यावर निघाली, घरातल्या पोराने खेळता खेळता बटण दाबलेलं. तेव्हापासून मी आधी हँडसेट बघतो.

मुका हँडसेट आणि डू नॉट डिस्टर्ब यातला फरक फोन लावणाऱ्याला विचारून कळतो. फोनचीच घंटी बंद असेल तर त्याला वीस-पंचवीस सेकंद व्यवस्थित रिंग जाते, आणि इथे हँडसेटचा स्क्रीन तरी उजळतो. सर्व्हरवर डीएनडी, म्हणजे हेच डू नॉट डिस्टर्ब, लागलेलं असेल तर बऱ्याचदा एकही रिंग न जाता थेट व्हॉइसमेल. ते चुकून लागतं, कारण बऱ्याच ठिकाणी स्टार ७८ ने लागतं आणि स्टार ७९ ने निघतं, फक्त तीन बटणांचा खेळ. तुमच्या कंपनीचे कोड वेगळे असू शकतात, आणि काही डब्या हे स्टारचे कोड सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाहीत, स्वतःच गिळतात, म्हणून डीएनडी डबीवर आणि कंपनीच्या वेबसाइटवर असं दोन्हीकडे तपासा.

प्रश्न: घरचा फोन एकदाच वाजतो, धावत जाऊन उचलावा तर डायल टोन. समोरचा म्हणतो माझा कॉल तुमच्या व्हॉइसमेलला गेला, पण व्हॉइसमेल तपासला तर काहीच नाही! रोज होत नाही, मधूनच. घरचा नंबर आणि मिस्टरांचा मोबाइल दोन्ही एकदम वाजायची सोय लावलीय.

उत्तर: मधूनच म्हणजे कधी? मिस्टरांचा मोबाइल बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तेव्हाच ना? बघा आठवून.

दोन फोन एकदम वाजायची सोय असली की जो आधी उचलेल त्याला कॉल मिळतो आणि दुसरा गप्प होतो. मोबाइल बंद असेल तर मोबाइल कंपनीचा व्हॉइसमेल लगेच कॉल घेतो, एक-दोन सेकंदांत. तुमच्या सर्व्हरला माणूस आणि मशीन यातला फरक कळत नाही, त्याच्या लेखी मोबाइलने फोन उचलला, झालं, घरची रिंग बंद. मेसेज गेलाय मोबाइलच्या व्हॉइसमेलमध्ये, म्हणून तुम्हाला घरच्यात सापडत नाही. तो एकदा उघडून बघा, कदाचित कित्येक दिवसांचे मेसेज तिथे तुमची वाट बघत असतील.

बऱ्याच इंटरनेट फोन सेवांमध्ये "कॉल घ्यायला १ दाबा" असं मोबाइलवर विचारायची सोय असते. ती लावा, मशीनला १ दाबता येत नाही. नसेल तर मोबाइलला दहा-पंधरा सेकंद उशिरा वाजवायचं सेटिंग शोधा, तेवढ्यात घरातला माणूस उचलतो. ते पण नसेल तर मोबाइलचा व्हॉइसमेलच बंद करून टाका, तसाही कोण ऐकतं.

याच जातीचा आणखी एका वाचकाचा प्रश्न आहे, कंपनीचं अ‍ॅप मोबाइलवर टाकल्यापासून घरचा फोन पूर्ण गप्प झालाय. काही कंपन्या एका खात्यावर एकाच उपकरणाला रजिस्टर होऊ देतात, शेवटी जो आला तो खरा. अ‍ॅप उघडलं की डबी बाहेर. अ‍ॅपसाठी वेगळं सब-अकाउंट मागा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. वडिलांच्या वेळचा चकतीचा काळा फोन, घंटीवाला, अजून जपलाय. डबीला हा आणि आणखी तीन फोन जुन्या वायरिंगवरून जोडले. आता घंटी नीट वाजतच नाही, अर्धी वाजून थांबते, आणि समोरच्याला वाटतं मी उचलून बोलत नाही. हा काळा फोन काढून टाकू का?

उत्तर: काढू नका! म्हणजे डबीतून काढा, घरातून नको.

जुन्या एक्स्चेंजकडे ताकद होती. नुसत्या पडून असलेल्या लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी, आणि घंटी वाजवायची तर त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी, सेकंदाला २० किंवा २५ आवर्तनं करणारा. तो करंट तुमच्या काळ्या फोनमधल्या कॉइलमधून जातो आणि टोला दोन वाट्यांवर आपटतो, एवढं सरळ यंत्र. आता हेच काम बोटभर प्लगवर चालणाऱ्या डबीला करायचंय. तिची कुवत आरईएन नावाच्या आकड्यात मोजतात. जुना घंटीवाला एक फोन साधारण १ आरईएन खातो, डब्या ३ ते ५ झेलतात, काही लहान डब्या त्याहूनही कमी. कॉर्डलेस फोनची घंटी त्याच्या स्वतःच्या विजेवर वाजते, म्हणून तो बराच कमी खातो. फोनच्या पोटाखाली स्टिकर असतं, बऱ्याच फोनवर त्यात हा आकडा छापलेला सापडतो. चारही फोनची बेरीज करा आणि डबीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघा, शिक्षक आहात, जास्त सांगत नाही.

पण अर्धी वाजून थांबते आणि समोरच्याला फोन उचलल्यासारखा वाटतो, हे निव्वळ कमी ताकदीचं लक्षण नाही. घंटी वाजत असताना डबी एकाच गोष्टीवर डोळा ठेवून असते, लाइनमधून डीसी करंट वाहायला लागला का. रिसीव्हर उचलला तरच तो वाहतो, कारण एरवी घंटीच्या वाटेवर बसवलेला कंडेन्सर त्याला अडवतो. तो कंडेन्सर म्हातारा होऊन गळायला लागला किंवा भिंतीतली वायर ओलसर झाली की थोडा करंट गळतो, डबीला वाटतं उचलला, घंटी बंद, समोरचा हॅलो हॅलो करत बसतो. कंपनीच्या कॉल लिस्टमध्ये बघा, ते कॉल मिस्ड म्हणून नाही तर उचललेले म्हणून दिसतील.

तेव्हा सगळे फोन काढा, भिंतीची वायरही डबीतून काढा, आणि एक साधा फोन थेट डबीत लावून मोबाइलवरून कॉल करा. पूर्ण वाजला तर एकेक वाढवत जा, ज्याच्या येण्याने बिघडलं तो चोर. काळा फोन एकटाच लावल्यावर वाजतो पण मरगळल्यासारखा, तर डबीत रिंग फ्रिक्वेन्सी २० आहे का २५ ते बघून दुसरी लावून बघा. चकतीने नंबर फिरवणं बऱ्याच डब्यांना कळत नाही, पण येणारे कॉल घ्यायला तो झकास.

आणि एक फार महत्त्वाचं. भिंतीतल्या वायरिंगला डबी जोडायच्या आधी ते वायरिंग बाहेरून येणाऱ्या जुन्या टेलिफोन लाइनपासून पूर्ण तोडलेलं पाहिजे, नुसतं कनेक्शन बंद केलंय म्हणून चालणार नाही. तिकडून ४८ व्होल्ट अजून येत असतील तर डबी जळू शकते.

प्रश्न: घरी आन्सरिंग मशीनवाला फोन आहे आणि कंपनीचा व्हॉइसमेलही आहे. कधी मेसेज मशीनवर असतो, कधी कंपनीकडे, कधी काय करेल याचा नेम नाही. मला सगळे मशीनवर हवेत.

उत्तर: नेम आहे, फक्त मशीनने तुम्हाला सांगितलेला नाही. मशीनमध्ये टोल सेव्हर नावाचं सेटिंग असतं. नवीन मेसेज पडलेला असेल तर मशीन दुसऱ्या रिंगला उचलतं, नसेल तर चौथ्या-पाचव्या रिंगला. ही जुन्या काळातली युक्ती, बाहेरगावाहून आपल्याच घरी फोन लावायचा, दोन रिंग गेल्या तरी उचललं नाही म्हणजे मेसेज नाही, लगेच ठेवायचं, पैसे वाचले. तुमच्याकडे आता असं होतंय की न ऐकलेला मेसेज असेल तेव्हा मशीन जिंकतं, आणि मशीन रिकामं असेल तेव्हा ते चौथ्या रिंगची वाट बघेपर्यंत कंपनीचा व्हॉइसमेल कॉल पळवतो. टोल सेव्हर काढा आणि थेट २ किंवा ३ रिंग लावा.

कंपनीकडची वेळही वाढवून घ्या, पण ती सेकंदांत सांगा, रिंगांत नाही. कारण काही देशांच्या पद्धतीत एक रिंग २ सेकंद वाजून ४ सेकंद थांबते, म्हणजे सहाचा फेरा, आणि काहींत ट्रिंग-ट्रिंग अशी जोडी वाजून पूर्ण फेरा ३ सेकंदांचा. व्हॉइसमेल २० सेकंदांनी उचलत असेल तर एका डबीवर त्याआधी जेमतेम तीन-चार रिंग होतात आणि दुसरीवर सहा-सात. वर सुरुवातीला म्हटलं तेच, समोरच्याने मोजलेल्या रिंगा आणि तुमच्याकडे वाजलेल्या रिंगा जुळतीलच असं नाही, तुमच्या फोनपाशी बसून घड्याळाने मोजा. ३० ते ३५ सेकंद ठेवलेत तर मशीनही उचलतं आणि आजींनाही खुर्चीतून उठून यायला वेळ मिळतो, वीज गेली तर मागे कंपनीचा व्हॉइसमेल आहेच. म्हणून तो पूर्ण बंद करू नका, डबी आणि राउटर विजेशिवाय मेलेले असतात.

प्रश्न: फोनवरचा मेसेजचा लाल दिवा लुकलुकतोच आहे. सगळे मेसेज डिलीट केले.

उत्तर: कुठून डिलीट केले, ईमेलमधून? व्हॉइसमेलची फाइल ईमेलवर येते ती नुसती कॉपी, ती उडवली तरी सर्व्हरवर मेसेज न ऐकलेलाच राहतो. फोनवरून व्हॉइसमेलला कॉल करून ऐका आणि तिथून उडवा. तिथेही काही नसेल तर सर्व्हरने "संपले" असं सांगितलेला निरोप वाटेत हरवलाय, मोबाइलवरून स्वतःलाच एक मेसेज ठेवा, ऐका, उडवा, म्हणजे निरोप परत जातो. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन आधी तुटक तुटक आणि मग सलग येत असेल तर सर्व्हरला अजून मेसेज आहे असंच वाटतंय. टोन पहिल्यापासून सलग आणि दिवा चालू, तर दिवा फोनचा स्वतःचा, बऱ्याचदा न बघितलेल्या मिस्ड कॉलचा. कॉल लिस्ट उघडा, विझेल.

प्रश्न: व्हॉइसमेल पिन मागतो, मी बरोबर टाकतो, तो म्हणतो चुकीचा आहे. तीनदा रिसेट केला. मोबाइलवरून टाकला तर पहिल्या झटक्यात घेतो. वेडं व्हायची वेळ आलीय.

उत्तर: पिन बरोबरच आहे, तो पोचत नाहीये. बटण दाबलं की फोन दोन सूर एकत्र वाजवतो. ५ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ, असे प्रत्येक आकड्याचे ठरलेले. पलीकडचं मशीन ते सूर ओळखून आकडा लिहितं. पण इंटरनेट फोनवर जागा वाचवायला आवाज दाबून पाठवला जात असेल, जी.७२९ सारख्या पद्धतीने, जी सेकंदाला ६४ किलोबिटचं काम ८ मध्ये उरकते, तर ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे, सुरांचं त्यात भजं होतं. तुम्हाला कानाला ठीक वाटतं, मशीनला नाही.

म्हणून डबीत डीटीएमएफ, म्हणजे बटणांच्या सुरांच्या, सेटिंगला इनबँड, म्हणजे सूर आवाजातूनच पाठवणं, असेल तर ते काढून आरएफसी २८३३ निवडा, काही डब्यांत तिथे ४७३३ लिहिलेलं असतं, ती त्याचीच २००६ ची सुधारित आवृत्ती, गोंधळू नका. त्यात आकडे आवाजातून न जाता वेगळे संदेश म्हणून जातात. दोन्ही पद्धती एकदम चालू ठेवू नका, नाहीतर तुम्ही १२३४ दाबाल आणि पलीकडे ११२२३३४४ लिहिलं जाईल. असं होतंय का ते ओळखायला व्हॉइसमेलच्या मेनूत मुद्दाम एकच आकडा दाबून बघा, एक पायरी सोडून दोन पायऱ्या आत गेलात तर दुहेरी जातोय.

हे बघायच्या आधी फोनच्या बाजूला टी आणि पी असा छोटा स्विच आहे का तेवढं बघा. पी वर सरकलेला असेल तर बटण दाबल्यावर सुराऐवजी टिक-टिक-टिक ऐकू येतं, आणि टिक-टिकवर कुठलाच व्हॉइसमेल पिन घेत नाही. तीनदा रिसेट करताना पिन १२३४ ठेवला असेल तर आता तेवढा बदला.

प्रश्न: रात्री तीनला फोन वाजतो, स्क्रीनवर नंबर १००, कधी १००१. उचलला तर शांतता. ठेवला की परत. बायको घाबरलीय, म्हणते कोणीतरी पाळत ठेवतंय. कंपनीला विचारलं तर म्हणतात त्या वेळेला तुम्हाला एकही कॉल आलेला नाही.

उत्तर: पाळत नाही आणि भूतही नाही, आणि कंपनीही बरोबर सांगतेय. हा कॉल त्यांच्याकडून आलेलाच नाही, म्हणून त्यांच्या यादीत नाही. इंटरनेटवर दिवसरात्र काही प्रोग्रॅम दारं ठोठावत फिरत असतात, ५०६० नंबरच्या पोर्टवर कोणी फोनवालं उपकरण आहे का, त्याच्यावरून फुकट महागडे कॉल करता येतील का. त्यांनी टाकलेला खडा थेट तुमच्या डबीवर पडतो, डबी भोळी, तिला वाटतं कॉल आला, ती घंटी वाजवते. १००, १०१, १००१ असले नंबर म्हणजे त्या प्रोग्रॅमने भरलेलं काहीतरी. पलीकडे माणूस नाहीच, बोलणार कोण.

आता मला सांगा, तुम्ही किंवा फोन बसवून देणाऱ्याने राउटरमध्ये ५०६० फॉरवर्ड केलंय किंवा डबीला डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरचं सगळंच थेट तिच्याकडे येईल असं, टाकलंय का? बहुधा हो. येणारे कॉल अडतात म्हणून लोक हा उपाय करतात, वॉचमनलाच घरी पाठवतात, मग कॉलही येतात आणि हे पाहुणेही. ते काढा, आणि कॉल अडायला लागले तर वरच्या पहिल्या उत्तरातला कीप-अलाइव्ह लावा. शिवाय डबीत फक्त रजिस्टर असलेल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्यायचा असं सेटिंग असतं, वेगवेगळ्या डब्यांत नाव वेगळं, आशय हाच, ते चालू करा. डबीचं स्वतःचं पोर्ट ५०६० वरून दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या आकड्यावर नेलंत तर ठोठावणं आणखी कमी होतं. डबीचा अ‍ॅडमिन पासवर्ड अजून कारखान्यातून आलेलाच असेल तर आज रात्री झोपायच्या आधी बदला, घंटी वाजणं हा यातला सगळ्यात किरकोळ त्रास आहे.

प्रश्न: व्हॉइसमेलवर कोरे मेसेज येतात, आणि आईचे मेसेज मधेच तुटतात.

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी. कोरे बहुतेक ऑटोमॅटिक कॉल करणाऱ्या मशीनचे, तुमचं स्वागताचं वाक्य ऐकून माणूस आहे का ते ताडत बसतात आणि तेवढ्यात बीप होऊन रेकॉर्डिंग सुरू होतं. ३ सेकंदांपेक्षा लहान मेसेज ठेवू नको असं सेटिंग असेल तर बरेचसे गळतात. पण ओळखीच्या माणसांचेही कोरे येत असतील तर दुखणं कंपनीकडे आहे, कारण व्हॉइसमेल सर्व्हरवर रेकॉर्ड होतो, तिथे तुमची डबी मधे येतच नाही, डबी रीस्टार्ट करण्यात वेळ घालवू नका.

आईचं असं असणार की त्या बोलता बोलता आठवायला थांबतात. काही सर्व्हर थोडे सेकंद शांतता झाली की मेसेज संपला असं धरतात. कंपनीला सांगून ती मर्यादा वाढवून घ्या, १० सेकंद पुरे. आणि तुटलेल्या मेसेजची लांबी दरवेळी बरोबर तेवढीच असेल, समजा दरवेळी २ मिनिटंच, तर शांतता नाही, ती मेसेजच्या लांबीची मर्यादा. तीही वाढवून मिळते का विचारा. तोवर आईंना सांगा आधी कामाचं बोल, मग बाकीचं.